यादी लावा: मुलांचे व्यवसायोपचारतज्ज्ञ कुठे, कोणत्या वारी, किती दिवसांनी भेटतील याची

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातले सर्व जिल्हा शल्यचिकित्सक

विषय: लहान मुलांच्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची तालुकानिहाय यादी दर महिन्याला जाहीर करण्याबाबत

महोदय,

'बाळाला ओटी सुरू करा' एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन पालक जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर येतात आणि पहिली अडचण शब्दापासूनच सुरू होते. रुग्णालयात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. चिठ्ठीतली ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार: बसणं, खाणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं मुलाला स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार. खिडकीवरून त्यांना वरच्या मजल्यावर धाडलं जातं, तिथून फिजिओथेरपीच्या खोलीत, तिथून पुन्हा बालरोग ओपीडीत. एखाद्या दारावर 'व्यवसायोपचार' अशी पाटी असलीच, तर हा मोठ्या माणसांना कामधंद्याला लावणारा विभाग असावा असं समजून पालक पुढे निघून जातात. अर्धा दिवस गेलेला असतो, कडेवरचं मूल कंटाळून रडत असतं आणि परतीची एसटी गाठायची असते.

आमची मागणी एकच आहे. प्रत्येक जिल्ह्याने, तालुकानिहाय, मुलांसोबत काम करणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची यादी मराठीत जाहीर करावी आणि दर महिन्याला ती तपासून नवी लावावी. बाकी जे लिहितो आहोत ते ही यादी कशी असावी, कशी फसते आणि तिच्याअभावी नेमकं काय बिघडतं याबद्दल आहे.

व्यवसायोपचाराची सुरुवात या देशात आपल्याच राज्यात झाली. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली मानली जाते. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं. आज मुंबईत केईएमसोबत शीव आणि नायर रुग्णालयांत हे विभाग आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक औषध व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. मुंबई-नागपूरच्या पालकाला आम्ही बिनधास्त सांगू शकतो की आधी या ओपीडीत जा, केस पेपर काढा. हिंगोलीच्या, गडचिरोलीच्या किंवा सुरगाण्याच्या पालकाला काय सांगायचं? राज्यात ३५८ तालुके आहेत. आपल्या तालुक्याला सगळ्यांत जवळचा तज्ज्ञ कोण, हे आज त्या पालकाला कुठल्याही सरकारी कागदावर एका जागी वाचायला मिळत नाही. तो मोबाईलवर शोधतो आणि ज्याने जाहिरातीला पैसे मोजले त्याचं नाव त्याला वर दिसतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातही इथलीच, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात; पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माण अधिकारी आणि एक आरोग्यसेविका असते. ही माणसं गावोगाव फिरून मुलं शोधून काढतात, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण विकासात मागे पडलेलं मूल सापडल्यावर त्याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी केंद्राकडे, पाठवलं जातं आणि तिथे व्यवसायोपचारतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे की रिकामं, कोणत्या वारी ओपीडी असते, हे पालकाला तिथे पोचल्यावरच कळतं. तपासणी पथकालासुद्धा ते माहीत नसतं. मूल शोधणारी यंत्रणा गावापर्यंत पोचली. उपचार कुठे मिळेल ही माहिती मात्र त्यांच्याकडे नाही.

इथे उशिराची किंमत काय असते ते एका उदाहरणाने सांगतो. नऊ महिन्यांचं बाळ मांडीवर बसलं आहे. समोर खुळखुळा धरला की डावा हात झटकन पुढे येतो. उजव्या हाताची मूठ अंगठा आत दाबून छातीशी धरलेली. खुळखुळा मुद्दाम उजव्या बाजूला नेला तरी बाळ अख्खं वळतं आणि डाव्यानेच घेतं. घरचे कौतुकाने म्हणतात, आमचा डावखुरा आहे. पण पहिल्या वर्षात मूल डावरं किंवा उजवं ठरत नसतं. त्या वयात एकच हात सतत वापरला जात असेल तर दुसऱ्या हाताला काहीतरी झालं आहे असं धरून तपासायला हवं, कारण मेंदूच्या पक्षाघातात (सेरेब्रल पाल्सी) एका बाजूवर परिणाम झाला असेल तर तो आधी असाच दिसतो. निदानाचा शिक्का बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही. धोका दिसला की त्या हाताला काम देणं सुरू करता येतं, आणि पहिली दोन वर्षं त्यासाठी सगळ्यांत मोलाची. हे बाळ अंगणवाडी सेविकेच्या नजरेत आलं, तिने सांगितलं, पुढे मात्र तज्ज्ञ शोधण्यात आठ महिने गेले, तर ते बाळ सतरा महिन्यांचं होऊन आमच्यासमोर येतं. तोवर त्याने सगळं एका हाताने करायची सवय पक्की केलेली असते.

नवजात शिशू कक्षातून घरी जाणाऱ्या बाळांचंही तसंच. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ ८ आठवडे लवकर आलेलं असतं. दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून हे ८ आठवडे वजा करून विकास मोजायचा असतो. डिस्चार्ज कार्डावर हे सुधारित वय आणि पुढच्या तपासणीचं ठिकाण लिहिलेलं नसेल तर दोन्ही बाजूंनी चूक होते. कोणी उगाच घाबरतं, कोणी 'कमी दिवसांचं आहे, करेल हळूहळू' म्हणत वर्ष घालवतं. यादी सगळ्यांत आधी या कार्डाच्या मागच्या बाजूला छापा. आई त्या कक्षाबाहेर बसलेली असते तेव्हाच ती तिच्या हातात पडली पाहिजे.

आता यादीत काय असावं. नुसती नावं आणि फोन नंबर असतील तर तिचा फार उपयोग नाही. तज्ज्ञाचं नाव, पदवी आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक. बसण्याचं ठिकाण, वार आणि वेळ. कोणत्या वयाची मुलं पाहतात: दोन वर्षांखालच्या बाळांसोबत काम करायला वेगळा हात लागतो आणि प्रत्येकाकडे तो असतोच असं नाही. काय काम होतं: गिळण्या-भरवण्याच्या अडचणी, हातासाठी स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), बसण्यासाठी विशेष खुर्ची, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबतचं काम, हस्ताक्षर. खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, कारण दहा वर्षांच्या, पाय कडक झालेल्या मुलाला उचलून जिना चढणारी आई आम्ही दर आठवड्याला पाहतो. शुल्क किती की मोफत. आणि सगळ्यांत महत्त्वाचा रकाना: आज नाव नोंदवलं तर पहिली भेट किती आठवड्यांनी मिळेल.

हा शेवटचा रकाना प्रशासनाला अवघड वाटेल, कारण त्यातून कमतरता उघडी पडते. पण पालकाचा निर्णय त्याच्यावरच असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी १४ आठवडे आणि शेजारच्या जिल्ह्याच्या अलीकडच्या तालुक्यात ३ आठवडे थांबावं लागणार असेल तर तो तिकडे जाईल. सीमेवरच्या तालुक्यांच्या यादीत शेजारच्या जिल्ह्यातली ठिकाणंही द्या. दोडामार्गच्या पालकाला गोवा जवळ पडतं, चंदगडच्या पालकाला बेळगाव. त्यांच्यासाठी राज्याची हद्द मध्ये आणू नका.

नोंदणी क्रमांकाचा आग्रह का, तेही सांगतो. 'थेरपिस्ट' ही पाटी आज कोणीही लावतं. व्यवसायोपचाराची पदवी कित्येक वर्षांच्या शिक्षणाची, शेवटी आंतरवासिता (इंटर्नशिप) धरून. ज्याच्या भिंतीवर दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेची चार प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आहेत तो व्यवसायोपचारतज्ज्ञ होत नाही. पालकांचा आणखी एका ठिकाणी गोंधळ होतो. भारतीय पुनर्वास परिषदेचा क्रमांक दाखवला की सगळं अधिकृत असं त्यांना वाटतं. तो क्रमांक विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ वगैरेंचा असतो. ती मंडळी त्यांच्या कामात पारंगत असतात, पण त्या क्रमांकावरून व्यवसायोपचाराची पदवी सिद्ध होत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला आहे, त्यात हा व्यवसायही येतो. तेव्हा क्रमांक तपासूनच नाव यादीत घालणं ही तुमची जबाबदारी ठरते. नूतनीकरणाची तारीखही पाहा.

अशा याद्या फसतात कशा? एकदा मोठ्या उत्साहात केली जाते, उद्घाटन होतं आणि दोन वर्षांनी त्यातले निम्मे नंबर लागत नाहीत. इंग्रजी कागद तिरका स्कॅन करून संकेतस्थळावर चढवला जातो. त्यात तालुक्याचं नाव शोधता येत नाही आणि मोबाईलवर अक्षरं वाचता येत नाहीत. तज्ज्ञाचा खासगी मोबाईल दिला जातो, त्याची बदली होते, तरी पालक त्याच नंबरवर फोन करत राहतात. यावर उपाय साधे आहेत. यादीच्या डोक्यावर ठळक तारीख. फोन केंद्राचा. शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या व्यवस्थापकाने महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक ठिकाणी फोन करायचा: वार तेच आहेत का, थांबण्याचे आठवडे किती. लागोपाठ दोन महिने उत्तर नाही आलं तर नाव काढायचं. एका जिल्ह्यातली अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील तर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. खासगी केंद्रांना यादीत जरूर घ्या, पण पैसे घेऊन किंवा देणगीच्या बदल्यात नाही. 'ऑटिझम पूर्ण बरा करतो' अशी जाहिरात करणाऱ्याला मात्र नोंदणी असली तरी घेऊ नका. स्वमग्नता हा ताप नाही की तो उतरेल. असं वचन देणारा माणूस पालकाच्या घाईचा फायदा घेतो आहे.

यादीइतकंच चिठ्ठीवर लक्ष द्या. 'अॅडव्हाइस ओटी' असं दोन शब्दांत लिहून पाठवलेल्या मुलाला आम्ही कोणत्या रांगेत बसवायचं? चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: मुलाचं वय (लवकर जन्मलं असेल तर सुधारित वय), काय जमत नाही ते साध्या शब्दांत, आधीचे आजार किंवा झटके आणि निकड. 'वय २ वर्षे ४ महिने, घट्ट पदार्थ तोंडात धरून ठेवतो, गिळताना ठसका लागतो' एवढं लिहिलं की ते मूल आठवड्याच्या आत आत घ्यायचं हे फोनवर बसलेल्या कर्मचाऱ्यालाही कळेल. भरवताना ठसका लागणं, गिळताना आवाज ओला होणं, वजन न वाढणं, येत असलेली गोष्ट मूल विसरू लागणं: ही मुलं रांगेत थांबता कामा नयेत. पाचवीतल्या मुलाचं अक्षर सुधारायला दोन महिने उशीर झाला तर चालतो.

यादी येईपर्यंत आम्ही पालकांना फोनवर विचारायचे काही प्रश्न सांगत असतो. ते यादीच्या खाली छापले तर बरं होईल. पहिल्या भेटीत तपासणी किती वेळ चालते? पाऊण तासापेक्षा कमी वेळात मुलाची नीट तपासणी होत नाही. तपासणीचा लेखी अहवाल मिळतो का? उपचाराच्या वेळी मला आत बसू देता का? याला 'नाही' उत्तर आलं तर आम्ही दुसरं ठिकाण बघायला सांगतो. पालक दाराबाहेर आणि मूल आत, अशा पद्धतीत घरी काहीच पोचत नाही. आठवड्यातले दोन तास केंद्रात, उरलेले १६६ तास मूल केंद्राबाहेर असतं. तीन महिन्यांत काय साधायचं ठरवलं आहे? याचं उत्तर 'सेन्सरी सुधारू', 'ब्रेन ॲक्टिव्ह करू' असं आलं तर ते उत्तर नाही. 'सदऱ्याची खालची तीन बटणं स्वतः लावेल' हे उत्तर आहे. आणि वीस-चाळीस सत्रांचं पॅकेज आगाऊ भरायला लावत असतील तर तपासणी होईपर्यंत पैसे देऊ नका.

बटणाचंच घ्या, म्हणजे घरी पोचणं म्हणजे काय ते कळेल. मोठं, चपटं बटण असलेला जुना सदरा मुलाच्या समोर टेबलावर पसरायचा, अंगात घालायचा नाही. बटण काजातून अर्ध्याहून जास्त आईनेच बाहेर काढायचं. मुलाने फक्त चिमटीत धरून शेवटचं ओढायचं. बटण लागलं, काम पुरं झालं, ते त्याच्या हाताने झालं. हे तीन-चार दिवस सहज जमलं की बटण अर्ध्यावर सोडायचं, मग काजाच्या तोंडाशी. शेवटच्या पायरीपासून मागे मागे येत शिकवायचं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल प्रत्येक वेळी अर्धवट सोडतं आणि वैतागतं. यासाठी महागडं साहित्य लागत नाही. रोज दहा मिनिटं लागतात आणि ही पद्धत आईला कोणीतरी एकदा हात धरून दाखवावी लागते.

तज्ज्ञ कमी आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. यादी लावल्याने ते वाढणार नाहीत. पण असलेल्यांचा वेळ नीट वापरता येईल. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून दोन ठरलेले वार ठेवा, तोच तज्ज्ञ, तीच खोली. शिबिरांचा आमचा अनुभव असा की दर वेळी नवा माणूस येतो, पहिल्यापासून तपासणी करतो आणि पुढच्या शिबिरात पुन्हा तेच. म्हणून फाइल पालकाकडे द्या. दोन वर्षांखालच्या बाळाची पहिली भेट दोन आठवड्यांत झालीच पाहिजे, भले पुढचं सत्र उशिरा मिळो. त्या एका भेटीत ४० मिनिटं आईला कसं उचलायचं, कसं झोपवायचं, कसं भरवायचं एवढं दाखवलं तरी मधले आठवडे वाया जात नाहीत. स्प्लिंट दिली असेल तर घरी पाठवताना सांगा: काढल्यावर लालसर वण २० मिनिटांत गेला नाही तर ती घालायची नाही, परत यायचं. लहान मुलाचा हात वाढतो, सहा महिन्यांपूर्वीची स्प्लिंट आज रुतते. हे कोणी सांगत नाही, मूल रडतं, मग ती माळ्यावर जाते.

तपासणीच्या साहित्याकडेही पाहा. परदेशी प्रश्नावल्यांत काटा-सुरीने खातो का असं विचारलेलं असतं. आपलं मूल एका हाताने भाकरीचा तुकडा मोडतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तिथे जे काम करतात ते काट्याच्या कामापेक्षा अवघड आहे. ते विचारा. शौचाला उकिडवं बसता येतं का, पाटावर मांडी घालून जेवता येतं का, हेही विचारा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठीत सूचना देऊन 'समजत नाही' असं लिहू नका. आशाताईंना सोबत बसवा.

शाळेबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा अभियानात दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे आणि गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. यादीची प्रत त्यांच्याकडे गेली पाहिजे, कारण हस्ताक्षराच्या तक्रारी आधी त्यांच्याकडे येतात. त्यातल्या कितीतरी तक्रारी बाकापाशीच मिटतात. मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतात. मग ते पोटाने बाकावर रेलतं, एका हाताने स्वतःला सावरतं आणि दुसऱ्याने शिरोरेषा ओढायला बघतं. पायाखाली लाकडी पाट किंवा घट्ट बांधलेला जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवला, बाकाची उंची कोपराच्या आसपास आली की काना आणि मात्रा जागेवर यायला लागतात. तरीही नाही आलं तर मग त्या मुलाला तज्ज्ञाकडे पाठवा, यादी बघून.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. पण उपचार सुरू करण्यासाठी प्रमाणपत्राची अट कुठल्याही केंद्राने घालू नये, असं परिपत्रक काढा. प्रमाणपत्र सवलतींसाठी लागतं, हात हलवायला शिकण्यासाठी नाही. ज्यांना ते मिळालं आहे आणि ज्यांचं मूल राष्ट्रीय न्यासाच्या (स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व अशांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कक्षेत येतं, त्यांना 'निरामय' आरोग्य विम्याची माहिती यादीच्या शेवटी द्या. त्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि उपचारांचा खर्चही त्यात बसतो. पावतीवर तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा, म्हणजे परतावा मागताना हेलपाटे पडणार नाहीत.

पहिली यादी अपुरी असेल. एखाद्या तालुक्यापुढे 'इथे कोणी नाही, जवळचं ठिकाण अमुक, अंतर इतके किलोमीटर' असं लिहावं लागेल. तसंच लिहा. रिकामा रकाना लपवू नका. तो पाहूनच पुढच्या भरतीत पद कुठे द्यायचं ते ठरवता येईल. यादी अंगणवाडीच्या दारावर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केस पेपर खिडकीशेजारी आणि नवजात शिशू कक्षाबाहेर लावा. तपासायला आणि दुरुस्त करायला आमच्यातले लोक जिल्ह्याजिल्ह्यांत तयार आहेत. पहिल्या सोमवारचे फोन आम्ही तुमच्या व्यवस्थापकासोबत बसून करू.

आपले,
मुलांसोबत काम करणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि पालक